ड्रम कोअरची ध्वनियंत्रणा कशी उभारावी: मरिंबाखालच्या माइकपासून प्रेस बॉक्सपर्यंत

अमेरिकेत मूल शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये गेलं की पाठोपाठ आईवडीलही कामाला लागतात. मरिंबा (लाकडी पट्ट्यांची मोठी वाद्यं) ढकलायच्या, ट्रेलर भरायचा, केबली गुंडाळायच्या. त्यातल्या कुणाला थोडं तांत्रिक ज्ञान असेल तर मिक्सर त्याच्याच गळ्यात पडतो. पुढे मूल उन्हाळ्यात एखाद्या ड्रम कोअरमध्ये (ब्रास आणि तालवाद्यांच्या, स्पर्धेत उतरणाऱ्या फिरत्या पथकात) दाखल होतं आणि तीच कामं दहापट मोठी होऊन समोर येतात. टेक्सास, न्यू जर्सी, इंडियाना अशा ठिकाणच्या मराठी पालकांसाठी, आणि पिटमध्ये, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या वाद्यांवर, स्वतः वाजवणाऱ्या मुलामुलींसाठी, हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. मैदानावर शंभराहून जास्त माणसं विजेशिवाय वाजवत असतात. ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रमलाइन (चालत ड्रम वाजवणारे) यांचा तो आवाज हीच मोजपट्टी. यंत्रणेने त्या आवाजाशी जुळवून घ्यायचं असतं. यंत्रणा आधी ठरवली आणि माणसांना तिच्यामागे धावायला लावलं, की शो बिघडतो.

थोडी पार्श्वभूमी

ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, १९७२ पासून राष्ट्रीय स्पर्धा घेते. ब्रास, तालवाद्यं आणि कलर गार्ड (झेंडे फिरवत नाचणारा गट) एवढाच मूळ ऐवज. एकेकाळी झायलोफोन आणि टिंपनीसुद्धा खांद्यावर पट्टे लावून चालत वाजवत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वाद्यं मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायची मुभा मिळाली आणि आज आपण ज्याला पिट किंवा फ्रंट एन्सेंबल म्हणतो तो जन्माला आला. पण मागे साठ-सत्तर जणांची ब्रासलाइन आणि पुढे लाकडी पट्ट्यांची मरिंबा, हा सामना बरोबरीचा नव्हता. ऐकू जावं म्हणून मुलं कडक मॅलेट (गोळा लावलेल्या काठ्या) घेऊन जीव खाऊन ठोकत. वाद्याचा गोडवा जाई, मनगटं दुखत, पट्ट्या तडकत.

२००४ पासून डीसीआयने ध्वनिवर्धनाला परवानगी दिली. २००९ पासून सिंथेसायझर आणि सॅम्पलर (साठवलेले आवाज वाजवणारं यंत्र) आले. दोन्ही वेळा जुन्या मंडळींनी कडाडून विरोध केला आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं: स्पीकरमधून येणारा खालचा घुमारा ट्यूबावाल्यांची (ब्रासमधले सर्वांत खालचे सूर वाजवणाऱ्यांची) मेहनत झाकून टाकतो, हे मी स्टँडमध्ये बसून पुष्कळदा ऐकलं आहे. तरीही मी या बदलाच्या बाजूचा आहे. माइक आल्यापासून पिटमधली मुलं मऊ मॅलेटने, चार-चार काठ्यांनी, खऱ्या मैफलीत वाजवावं तसं वाजवू लागली. आणि २०१४ मध्ये ओहायोच्या कँटनमधल्या ब्लूकोट्सनी ब्रासचा सूर आणि सिंथचा सूर एकत्र खाली घसरवला, तेव्हा वीज आणि श्वास मिळून काय करू शकतात ते अख्ख्या स्टेडियमला कळलं.

पहिली पायरी: नियमपुस्तिका आणि कागद

सामान विकत घेण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा. डीसीआय, बँड्स ऑफ अमेरिका (शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा) आणि राज्याच्या शालेय स्पर्धा यांचे नियम सारखे नसतात, शिवाय ते बदलतात. चार प्रश्नांची उत्तरं पेनाने लिहून काढा: आधी रेकॉर्ड केलेलं काय चालतं आणि काय नाही? सॅम्पल कोणी आणि कसं सुरू करायचं? मिक्सरवर प्रौढ माणूस बसू शकतो की विद्यार्थीच हवा? वीज आयोजक देतात की आपली आणायची? यातलं एक उत्तर चुकलं तरी गुण कापले जाऊ शकतात, आणि ती शिक्षा वाजवणाऱ्या मुलांना भोगावी लागते.

मग चॅनेलची यादी करा. मोठ्या पिटचं उदाहरण घेऊ. चार मरिंबा, प्रत्येकी दोन माइक: आठ. चार व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांचे), प्रत्येकी दोन: आठ. झायलोफोन एक, ग्लॉकेनश्पील एक. ड्रमसेट किंवा रॅकवरची किरकोळ तालवाद्यं चार. टिंपनी दोन. दोन स्टिरिओ सिंथ: चार. सॅम्पलर दोन. वायरलेस सोलो दोन. बेरीज झाली ३२. म्हणजे ३२ चॅनेलचा मिक्सर काठोकाठ भरला, आणि ऐनवेळी अरेंजरने "एक निवेदनाचा माइक हवा" म्हटलं तर जागा नाही. अशा वेळी ज्या मरिंबा बहुतांशी एकच ओळ वाजवतात त्यांना एक-एक माइक द्या. दोन मरिंबा, दोन व्हायब्रफोन, एक सिंथ आणि निवेदन एवढंच असेल तर ११ चॅनेल लागतात, सोळाचा मिक्सर पुरतो. छोट्या शाळेने मोठ्या कोअरची नक्कल करायची गरज नाही. नीट बसवलेले सहा माइक हे कसेतरी बसवलेल्या वीसांपेक्षा केव्हाही चांगले वाजतात.

दुसरी पायरी: वीज

माझा अनुभव असा की शो बंद पडतो तो बहुतेक वेळा विजेमुळे, आणि खरेदीच्या यादीत वीज मात्र सगळ्यात शेवटी असते.

अमेरिकेत साधं सॉकेट १२० व्होल्टचं. १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत भार टाकायचा असेल तर ८० टक्के धरायचे, म्हणजे १२ अँपिअर, साधारण १४४० वॅट. स्पीकरवर २००० वॅट छापलेलं असतं ते क्षणिक टोक असतं. प्रत्यक्षात तो किती ओढतो हे स्वस्तातला वॅटमीटर लावून तालमीतच मोजा. सबवूफरचा दणका बसतो त्या क्षणाचा आकडा पाहा आणि त्यावर थोडी सूट ठेवा.

जनरेटर असेल तर इन्व्हर्टर प्रकारचाच घ्या. साध्या जनरेटरची वीज ओबडधोबड असते आणि ती डिजिटल मिक्सरला मानवत नाही. जनरेटरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा हा क्षणभराचा असतो. २००० लिहिलेल्या जनरेटरकडून सतत १६०० च्या आसपासच धरा. तो वाऱ्याच्या खालच्या दिशेला, पिटपासून दूर ठेवा. ट्रेलरच्या आत, दार उघडं असलं तरी, कधीही चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मिक्सर, लॅपटॉप आणि वायरलेस रिसीव्हर यूपीएसवर टाका. स्पीकर आणि अँप्लिफायर टाकू नका, ते यूपीएस एका झटक्यात खाली बसवतील. कारण सरळ आहे: मैदानात येताना कुणाचा पाय लागून प्लग निघाला तर स्पीकर परत लगेच चालू होतात, पण डिजिटल मिक्सर आणि लॅपटॉप पुन्हा उभे राहायला लागणारा वेळ शोमध्ये तुमच्याकडे नसतो.

गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ओल्या गवतावर, मुलांच्या हातात धातूचे माइक असताना, हे करायचं नाही. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवरचं (कीबोर्ड मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, ते फक्त सिग्नलच्या तारेचं अर्थ तोडतं. ओलाव्यात सुरक्षेचं जीएफसीआय सॉकेट वारंवार पडत असेल तर गळती शोधा, सॉकेट बदलून पळवाट काढू नका.

तिसरी पायरी: मरिंबाखाली माइक

हे काम सावकाश करायचं आहे, म्हणून तपशिलात लिहितो.

पाच सप्तकांची मरिंबा डावीकडे रुंद, उजवीकडे निमुळती. माइक वर लावला तर मॅलेटचा टकटकाट जास्त येतो, वाजवणाऱ्याचे हात आडवे येतात, आणि मागून ब्रास थेट त्यात घुसते. म्हणून मैदानावर माइक खालून लावायची पद्धत आहे. छोटे, पेन्सिलसारखे कंडेन्सर माइक घ्या. त्यांना मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. मरिंबाच्या चौकटीला क्लॅम्प लावा आणि छोट्या वाकणाऱ्या दांडीवर माइक बसवा. त्याचं तोंड पट्ट्यांच्या दोन ओळींच्या मधल्या फटीकडे वर करा. पट्ट्यांपासून वीतभर अंतर ठेवून सुरुवात करा. रेझोनेटरच्या नळीच्या तोंडाशी माइक नेलात तर त्या एका स्वराची भांड्यासारखी घूम येते आणि शेजारचे स्वर गायब होतात.

आता वाजवणाऱ्या मुलीला सांगा, खालच्या सा पासून वरपर्यंत एकसारख्या जोराने एकेक स्वर वाजव. तुम्ही हेडफोन लावून ऐका. कुठेतरी दोन-तीन स्वर दबलेले वाटतील, तो दोन माइकच्या मधला खड्डा. माइक एकमेकांकडे थोडे सरकवा. पुन्हा ऐका. सगळा पट्टा सपाट ऐकू आला की त्या जागी क्लॅम्पवर आणि चौकटीवर रंगीत टेपने खूण करा, म्हणजे उद्या पहाटे अर्धवट झोपेत असलेला मुलगाही तो त्याच जागी लावेल. शेवटी क्लॅम्पचा स्क्रू कडक करून मरिंबा ओबडधोबड डांबरावरून वीस पावलं ढकलून आणा. माइक हलला असेल तर तो शोमध्येही हलणार.

दोन माइक एकाच स्वराला दोन वेगळ्या अंतरांवरून ऐकतात तेव्हा आवाज पोकळ होतो. सोपा ठोकताळा असा की दोन माइकमधलं अंतर हे माइक ते पट्टी या अंतराच्या किमान तिप्पट असावं.

व्हायब्रफोनला हेच लागू, फक्त मोटरची घरघर आणि पेडलचा खटका यांपासून माइक दूर ठेवा. झायलोफोन आणि ग्लॉकेनश्पील मुळातच टोकदार आवाजाची वाद्यं. त्यांना बहुतेक वेळा वाढवायची गरज नसते. त्यांचा चॅनेल खाली असला तरी दुःख मानू नका. प्रत्येक माइकवर जाड फोमची टोपी हवीच. उघड्या मैदानावर वारा सुटला की टोपी नसलेला माइक सबवूफरमधून ढगांसारखा गडगडतो.

चौथी पायरी: गेन आणि इक्वलायझर

गेन (माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये किती वाढवायचा ते) लावताना मुलांना शोमधला सर्वांत जोराचा तुकडा वाजवायला सांगा. "थोडं वाजवून दाखव" म्हटलं की मुलं भिडस्तपणे हळूच वाजवतात, आणि प्रत्यक्ष शोमध्ये आवाज फाटतो. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि टोक उणे ६ च्या आत राहील असं पाहा.

यानंतर हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारी चाळणी. पिटच्या मिक्सिंगमध्ये या एका बटणाने जेवढं काम होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नाही. व्हायब्रफोनचा सर्वांत खालचा स्वर १७५ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून १२० च्या खालचं सगळं कापून टाका: तिथे फक्त वारा, पावलं आणि मागची बास ड्रम असते. मरिंबाचा सर्वांत खालचा स्वर ६५ हर्ट्झचा, त्यामुळे खालच्या माइकला ५५-६० वर आणि वरच्या माइकला १५० वर कापा. ग्लॉकेनश्पील ७८० हर्ट्झच्या वरच सुरू होतो, त्याला ४०० वर कापलं तरी काही हरवत नाही. एवढं केलं की अर्धा चिखल निघून जातो. मग मरिंबा पेटीसारखी बोदी वाटत असेल तर ३०० ते ५०० मध्ये थोडं कमी करा. वाढवण्यापेक्षा कमी करणं केव्हाही बरं.

कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) हलक्या हाताने. पिटमधली मुलं आठवड्याचे सहा दिवस हळू-मोठ्याचा रियाझ करतात. कंप्रेसरने तो सगळा सपाट करणं हा त्या रियाझावर अन्याय आहे. गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारा) तर लावूच नका, मरिंबाचा हळुवार रोल त्यात कापला जातो.

पाचवी पायरी: स्पीकर कुठे, आणि आवाजाला लागणारा वेळ

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणजे जवळपास ४९ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे मागच्या कडेवरून पुढच्या कडेपर्यंत यायला त्याला १४० मिलिसेकंद लागतात. शाळेच्या मैदानावर मागची हॅश (मैदानावरच्या खुणांची ओळ) पुढच्या कडेपासून ३२ मीटरच्या वर असते. तिथे उभ्या ड्रमलाइनचा आवाज पिटपर्यंत सुमारे ९५ मिलिसेकंदांनी पोचतो. आता लय मिनिटाला १६० मात्रांची असेल तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची, आणि पाव मात्रा ९४ ची. पिटने ड्रम मेजरचे (पुढे उभं राहून ताल देणाऱ्याचे) हात पाहून वाजवलं तर वर बसलेल्या परीक्षकाला पिट ड्रमलाइनच्या बरोबर पाव मात्रा पुढे ऐकू येईल.

म्हणून पिट डोळ्यांनी वाजवत नाही. तो मागून येणारा आवाज कानांनी पकडून त्यावर बसतो. ही शिस्त सिंथ आणि सॅम्पलर वाजवणाऱ्यांनाही तितकीच लागू आहे, कारण स्पीकर पिटच्याच रेषेत आहेत. सिंथवाल्याला हेडफोन दिला आणि मागची ड्रमलाइन त्याच्या कानातून बंद झाली की तो हमखास पुढे पळतो. मॉनिटर द्यायचाच तर एका कानात, हळू. स्पीकर पिटच्या किंचित पुढे ठेवा, मागे कधीच नको: स्पीकरचा आवाज माइकमध्ये घुसून शिट्टी सुरू होईल आणि मुलांना मागची लय ऐकूच येणार नाही.

मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंच्या ३५ यार्डांच्या रेषांच्या (त्या मैदानाच्या टोकांकडून मोजतात) आसपास ठेवले तर त्यांच्यात सुमारे २७ मीटर अंतर पडतं. स्टँडच्या एका टोकाला बसलेल्या माणसाला दूरचा स्पीकर खूप उशिरा ऐकू येतो. त्यामुळे एक मरिंबा पूर्ण डावीकडे आणि दुसरी पूर्ण उजवीकडे अशी वाटणी करू नका. सगळं जवळपास मध्यात ठेवा, थोडा फैलाव पुरे.

सबवूफरचं वेगळं. दोन सब दोन टोकांना ठेवले की मध्यभागी प्रचंड बास आणि दहा खुर्च्या बाजूला काहीच नाही, असे पट्टे पडतात. ६० हर्ट्झची लाट पावणेसहा मीटर लांबीची असते, दोन ठिकाणांहून आलेल्या लाटा कुठे जुळतात तर कुठे एकमेकींना मारतात. जागा असेल तर दोन्ही सब मध्यभागी शेजारी-शेजारी ठेवा.

उंचीही महत्त्वाची. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. स्पीकर जमिनीलगत असेल तर पहिल्या रांगेतले पालक कान झाकतात आणि वर प्रेस बॉक्समध्ये (स्टँडच्या माथ्यावरच्या खोलीत) मात्र पुरेसं पोचत नाही. स्पीकर ढकलगाडीवर उंच बसवा आणि किंचित वरच्या दिशेने वळवा, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या रांगांतला फरक कमी होतो. गाडीच्या तळाशी वाळूच्या पिशव्या बांधा. वाऱ्याने उलथणारा स्पीकर मुलांच्या डोक्याच्या उंचीवरून पडतो.

सहावी पायरी: सिंथ, सॅम्पलर आणि लॅपटॉप

लॅपटॉपवरून आवाज काढणार असाल तर त्याला या एकाच कामासाठी ठेवा. वायफाय बंद, अपडेट बंद, झोपणं बंद, सूचना बंद. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (आवाज काढण्याआधी साठवायचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंदांचा उशीर, २५६ चा म्हणजे ५.३. मशीन २५६ वर न अडखळता चालत असेल तर तिथेच थांबा. वरचे तीन मिलिसेकंद कुणालाही कळत नाहीत, पण अडखळलेला आवाज अख्ख्या स्टेडियमला कळतो. जुलैच्या उन्हात काळ्या रॅकवर लॅपटॉप तापून मंदावतो. पांढऱ्या कापडाची सावली करा आणि खालून हवा खेळती ठेवा. कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजांतून एक कामचलाऊ पॅच (आवाजाची मांडणी) कायम तयार असू द्या, म्हणजे लॅपटॉप मेला तरी शो मरणार नाही.

लांब तालबद्ध सॅम्पल हा सापळा आहे. समजा आठ मात्रांचा तुकडा १६० च्या लयीत बनवला, तो ३ सेकंद चालतो. त्या रात्री उत्साहात किंवा थकव्यात लय १५६ झाली तर मैदानावर आठ मात्रा ३.०७७ सेकंदांत होतात. आठवी मात्रा संपेपर्यंत मात्रेच्या पाचव्या हिश्श्याची फट पडली. तोच तुकडा दोन-दोन मात्रांचा कापून प्रत्येक भाग वेगळ्या पॅडवर ठेवा. वाजवणारा मैदानाबरोबर राहू शकतो, आणि बहुतेक नियमांनाही जिवंत हाताने वाजवलेलंच हवं असतं.

राहिला खालचा सिंथ बास. याबद्दल माझं मत ठाम आहे. तालमीत अख्खी ब्रासलाइन वाजत असताना तो चॅनेल न सांगता बंद करा. स्टँडमधल्या शिक्षकाला पाया थोडा हलका झाल्यासारखं वाटलं तर पातळी बरोबर होती. "अरे, ट्यूबा आता ऐकू आले!" असं तो म्हणाला तर तुम्ही इतके दिवस त्या मुलांना आवाजाखाली गाडत होतात.

सातवी पायरी: वायरलेस

मैदानावरच्या सोलो वादकाला वायरलेस लागतो. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१० पासून आणि ६०० चा मोठा भाग जुलै २०२० पासून वायरलेस माइकना बंद आहे. कुणी शाळेला जुना संच दान दिला तर आधी त्याच्या मागे छापलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा वाचा. मोठ्या स्पर्धेत आयोजक फ्रिक्वेन्सी वाटून देतात, आपली यादी आधी कळवा.

अँटेना रॅकच्या मागे लपवू नका. पाण्याने भरलेली माणसांची शरीरं रेडिओलहरी शोषतात. दिशादर्शक अँटेना स्टँडवर डोक्यांच्या वर चढवा आणि मैदानाकडे तोंड करा. संपूर्ण संचलन चालू असताना, सोलो वादक त्याच्या नेमक्या जागी असताना तपासा. रिकाम्या मैदानावर सगळंच छान चालतं. प्रत्येक शोला नवे सेल, कालचे "अजून चालतील" वाले नाहीत. आणि सोलो संपला त्या मात्रेवर चॅनेल बंद, नाहीतर धापा स्टेडियमभर ऐकू येतात.

आठवी पायरी: वर जाऊन ऐका

मिक्सर पिटजवळ असतो आणि परीक्षक उंचावर. खाली बरोबर वाटणारं वर बरोबर असेलच असं नाही. म्हणून एक जाणता कान वर, मधल्या ५० यार्डांच्या रेषेत, आणि एक हात खाली मिक्सरवर, दोघांमध्ये वॉकीटॉकी. टॅब्लेटवरून वर बसून मिक्स करणं सोयीचं आहे, पण भरलेल्या स्टेडियममध्ये हजारो फोन असतात आणि तुमचं वायफाय त्यात बुडू शकतं. खालचा माणूस शो तोंडपाठ जाणणारा हवाच.

मिक्स करताना क्रम असा ठेवा. आधी यंत्रणा पूर्ण बंद करून ब्रास आणि ड्रमलाइन ऐका. मग मरिंबा आणा, धावते स्वर सुटे-सुटे कळतील इतक्याच. मग व्हायब्रफोन. मग निवेदन, ज्याची व्यंजनं २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये स्पष्ट होतात. सिंथ शेवटी. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा असतो आणि मग मरिंबासाठी जागाच उरत नाही. मिक्सरवर मरिंबा, व्हायब्रफोन, सिंथ, निवेदन आणि सब असे पाच गट करून पाच फेडरवर (सरकत्या बटणांवर) आणा. शोमध्ये बत्तीस बटणं शोधायला वेळ नसतो.

जागेप्रमाणे बदल करावाच लागतो. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनचं जुनं स्टेडियम उघडं आहे. तिथे आवाज निघून जातो, थोडा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) आणि थोडा बास जास्त लागतो. २००९ पासून डीसीआयची अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये होते. तिथलं छप्पर आणि भिंती स्वतःच इतकं घुमवतात की तुमचा रिव्हर्ब शून्यावर आणि सब दोन-तीन डेसिबल खाली घ्यावा लागतो. सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्येही तेच. उघड्या मैदानासाठी आणि बंद छपरासाठी दोन वेगळ्या फाइल्स मिक्सरमध्ये साठवून ठेवा.

शोच्या दिवशी

मांडणीसाठी काही मिनिटंच मिळतात, त्यामुळे मैदानावर काहीही जोडायचं राहता कामा नये. प्रत्येक वाद्याच्या गाडीवर तिचे माइक आधीच जोडलेले, सगळ्या तारा एका जाड मल्टीकेबलमध्ये बांधलेल्या, दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप. आत गेल्यावर फक्त मल्टीकेबल आणि वीज जोडायची. चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट. लाइन चेकसाठी प्रत्येक मुलाने ठरलेल्या क्रमाने एकच स्वर वाजवायचा, मिक्सरवाल्याने हिरवा दिवा पाहून मान हलवायची. ही कवायत पार्किंगमध्ये घड्याळ लावून करा, चुकली की परत.

एखादा चॅनेल मेला तर शो चालू असताना तार शोधत धावू नका. तो बंद करा, शेजारच्या मरिंबाचा थोडा वाढवा आणि पुढे चला.

कानांचं शेवटी लिहितो आहे, पण ते दुय्यम नाही. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही काम करणाऱ्यांसाठीची शिफारस केलेली मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. पिटमधली मुलं पूर्ण ब्रासलाइनच्या पुढे आणि स्पीकरच्या मागे दिवसच्या दिवस उभी असतात. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग द्या, जे आवाज कमी करतात पण बोथट करत नाहीत. ते लावूनच मागची लय पकडायची सवय हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून लावा.

शो संपल्यावर फोमच्या टोप्या काढून वाळवा, कनेक्टरमधलं गवत आणि माती ब्रशने झाडा, त्या रात्री कुरकुरलेल्या तारेला लगेच लाल टेप लावून वेगळ्या पेटीत टाका. ट्रेलरमध्ये सुटे हवेत: चार माइक, सहा तारा, दोन क्लॅम्प, एक पॉवर केबल, सेलचं एक पाकीट आणि मिक्सरच्या फाइलची प्रत असलेला पेनड्राइव्ह. पुढच्या गावाला बस रात्रीच निघते, आणि सकाळी मैदानावर दुकान शोधायला कुणालाच वेळ नसतो.